महालातले वाडे, सिव्हिल लाइन्समधले बंगले: तुम्ही कोणते आतून पाहिलेत?

कवेलू (धागाकर्ता)

मागच्या रविवारी महालात कोठी रोडच्या आतल्या गल्लीत गेलो होतो. आमच्या आत्याच्या सासरचा वाडा तिथे होता. गल्ली अडवून एक ट्रक उभा होता आणि चार माणसं त्यात सागवानी खांब चढवत होती. आठ खांब. लहानपणी त्यातल्या एका खांबाला मिठी मारून, डोळे मिटून मी शंभरपर्यंत आकडे म्हणायचो आणि बाकीची भावंडं लपायची. खांबांखालचे काळ्या दगडाचे तळखडे अजून जागेवरच होते, त्यांवर खांबाच्या बुडाची चौकोनी खूण उमटलेली. ट्रकवाल्याला विचारलं, कुठे नेता? म्हणाला, एका रिसॉर्टला.

घरी येऊन कागद घेतला आणि वाड्याचा नकाशा काढायला बसलो. दिंडी दरवाजा, सपरी (ओसरी), चौक, तुळस, उजव्या हाताला देवघर, इथपर्यंत जमलं. माडीवरचा जिना कोणत्या खोलीतून निघायचा ते काही केल्या आठवेना. ज्या घरात दहा उन्हाळे काढले त्याचा जिना मला सापडत नाही. रात्री झोप लागली नाही. म्हणून हा धागा काढतोय.

नागपुरातलं एखादं जुनं किंवा जगावेगळं घर तुम्ही आतून पाहिलं असेल, तिथे राहिला असाल, नुसते लग्नाला गेला असाल, तरी लिहा. बाहेरचे फोटो सगळ्यांकडे आहेत. आतलं फक्त राहिलेल्यांनाच माहीत असतं. ज्या घरांत आज कुटुंबं राहतात त्यांचे पत्ते आणि मालकांची नावं मात्र कृपया टाळा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे मोठी घरं दोन तऱ्हांची, आणि त्यांच्या मधे सीताबर्डीची टेकडी. टेकडीच्या पूर्वेला महाल. गोंड राजा बख्त बुलंद शहानं १८ व्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं शहर ते हेच, पुढे रघूजी भोसल्यांनी ते राजधानीचं केलं. दरबारातले सरदार, चिटणीस, पुरोहित, सावकार यांचे वाडे राजवाड्याभोवती उभे राहिले. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स. १८१७ च्या नोव्हेंबरात टेकडीवर लढाई झाली, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि साहेबांना राहायला बंगले लागले. वाडा रस्त्याकडे पाठ करून आपल्या चौकाकडे बघतो. बंगला मोकळ्या जागेच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंनी बघतो. वाड्यात अंगण घराच्या पोटात, बंगल्यात घर अंगणाच्या पोटात. दोन्हींत राहिलेलं कोणी इथे आहे का?

वैनगंगा

आहे ना. माझं आजोळ महालात आणि बालपण सिव्हिल लाइन्समध्ये. बाबा सरकारी नोकरीत होते, १९७० च्या दशकात आम्हाला एका जुन्या बंगल्याचा अर्धा भाग राहायला मिळाला होता. तुमच्या विनंतीप्रमाणे नेमका कुठला ते सांगत नाही.

भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर मी आणि बहीण समोरासमोर पाय पसरून बसायचो आणि तरी पडायची भीती नसायची. छत फार उंच, वर छोट्या झडपा, त्यांना लांब दोऱ्या. गरम हवा वर चढते आणि झडपेतून निघून जाते हे विज्ञानाच्या पुस्तकात यायच्या आधी आम्हाला त्या दोरीनं शिकवलं. बाहेरच्या बाजूला रुंद व्हरांडा, त्यामुळे ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोचायचंच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की व्हरांड्याच्या कमानींत वाळ्याच्या ताट्या लागायच्या. दुपारी दर तासाला त्यांवर पाणी मारायचं काम आम्हा मुलांचं. तो ओल्या वाळ्याचा वास आला की आजही मला त्या घराची फरशी पायाखाली जाणवते.

हॉलच्या भिंतीत छताजवळ एक गोल भोक होतं, मुठीएवढं, आतून पितळेची कडी बसवलेली. उंदराचं असेल असं आम्ही समजत होतो. एकदा घरी आलेल्या एका म्हाताऱ्या माळीबाबांनी सांगितलं, ते पंख्याचं. छताला कापडी पंखा टांगलेला असे, त्याची दोरी त्या भोकातून मागच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसून एक माणूस दिवसभर ती ओढत असे. त्यांच्या वडिलांनी ते काम केलं होतं. उन्हाळ्यात, त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसून. त्यानंतर त्या भोकाकडे मला पूर्वीसारखं बघता आलं नाही. बंगल्याच्या गारव्याबद्दल लिहिताना हेही लिहायला हवं असं मला वाटतं. मागे आउटहाऊसची रांग होती, तिथल्या खोल्यांना व्हरांडा नव्हता आणि उंच छतही नव्हतं.

आजोळच्या वाड्याबद्दल वेगळं लिहीन. त्याला वेळ लागेल.

दिंडीदरवाजा

कवेलू भाऊ, धागा लई चांगला काढला. मी महालातलाच, अजून तिथेच राहून राहिलो. बाहेरचे लोक विचारतात, भोसल्यांची राजधानी होती तर राजवाडा कुठे आहे? त्यांना काय दाखवावं समजत नाही. थोरल्या भोसल्यांचा वाडा आहे, पण मूळ राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि लाकडावरच्या नक्षीकामासाठी नावाजलेला होता. तो १८६४ मध्ये जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, मुलगा नव्हता, डलहौसीनं राज्य घेतलं. मग राजवाड्यातलं सामान विकायला काढलं. हत्ती, घोडे, बैल मातीमोल भावानं गेले, दागिने कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. तेव्हा दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई, अगदी म्हातारी झालेली, ती म्हणाली की घरातलं सामान हलवलंत तर मी राजवाड्याला आग लावीन. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलेलं आहे. सामान तरी गेलंच.

हीच बाकाबाई आपल्याला कशी माहीत? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, १८८० च्या दशकापासून निघते, आणि ती इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाईची म्हणून सांगतात. लहानपणी मीही 'घेऊन जा गे मारबत' ओरडत पळालो आहे. ती परंपरा मला आवडते, सोडणार नाही. पण घर वाचवायला उभी राहिलेली ती बाई पण महालातल्या पोरांना सांगितली पाहिजे. माझ्या पोरांना मी सांगतो.

मुठाकाठ

मी पुण्याची, माफ करा, एक प्रश्न. नागपूरचे सासरचे लोक 'अजब बंगला' म्हणतात तो कोणाचा? फार उत्सुकता आहे.

दिंडीदरवाजा

ताई, तो राहायचा बंगला नाही जी. मध्यवर्ती संग्रहालय आहे, १८६३ मध्ये सुरू झालेलं. आत भुसा भरलेले प्राणी, नाणी, मूर्ती, शिलालेख. खेड्यांतून शहरात आलेल्या लोकांनी बघून नाव ठेवलं अजब बंगला, आणि तेच टिकलं. सासरच्यांना म्हणा घेऊन चला. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

शुक्रवारीतलाव

घर म्हटल्यावर मला आपल्या शहराची एक वेगळीच गोष्ट आठवते. इथल्या श्रीमंतांच्या वाड्यांत साधुसंत येऊन राहिले, आणि लोकांच्या तोंडी ते वाडे त्यामुळे राहिले.

ताजुद्दीन बाबा १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथून त्यांना राजे रघूजीराव भोसल्यांनी जामीन राहून सोडवलं आणि सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात नेलं. विचार करा, ज्याला सरकारनं वेडा ठरवून कोंडलं त्या फकिराला एक मराठा राजा आपल्या घरात ठेवतो, आणि मग त्या फाटकाशी सगळ्या जातीधर्मांच्या लोकांची रीघ लागते. बाबा १९२५ मध्ये गेले. ताजबागेत बाबांच्या दर्ग्यावर मी दर वर्षी जाते, पण सक्करदऱ्यावरून बस गेली तरी हात आपोआप जोडले जातात.

दुसरं घर सीताबर्डीवरच्या बुटींचं. गजानन महाराजांना गोपाळराव बुटींनी शेगावहून आणून आपल्या वाड्यात ठेवून घेतलं, परत पाठवायला तयार होईनात, शेवटी हरी पाटील न्यायला आले. ही कथा विदर्भात प्रत्येक घरात माहीत आहे. माझी आजी ती सांगताना नेहमी म्हणायची, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलं तरी ते थांबायचे नव्हते.

आणि याच नागपूरच्या बुटी घराण्यातल्या बापूसाहेब बुटींनी शिर्डीत स्वतःसाठी दगडी वाडा बांधायला घेतला. १५ ऑक्टोबर १९१८ ला साईबाबांनी देह ठेवला आणि त्यांना त्याच वाड्यात ठेवलं. आज जगभरचे लोक ज्या समाधी मंदिरापुढे रांगेत उभे राहतात ते मुळात नागपूरकराचं घर होतं. शिर्डीच्या रांगेत मी शेजारच्यांना हे सांगते, बहुतेकांना माहीत नसतं.

कवेलू

शुक्रवारीतलाव ताई, अंगावर काटा आला. बुटी वाड्याचं ठाऊक होतं, पण या तिघांना एका ओळीत कधी पाहिलं नव्हतं.

वैनगंगाताई, पंख्याच्या भोकाचं वाचून बराच वेळ पुढे वाचता आलं नाही. आत्याच्या वाड्यातही चौकाच्या मागे एक बुटकी खोली होती, दाराशी वाकावं लागायचं. तिथे कोण राहायचं ते मी कधी विचारलं नाही.

सातबारा

माझा संबंध कागदांशी आला, नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली, म्हणून त्या अंगानं लिहितो. बंगले का पडतात हे लोकांना कळत नाही. सिव्हिल लाइन्समधली बरीचशी जमीन नझूल, म्हणजे सरकारी मालकीची, पट्ट्यानं दिलेली. वरचं घर तुमचं, खालची जमीन सरकारची. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, भाडेवाढ, शर्तभंगाच्या नोटिसा. तीन पिढ्यांत वारस वाढतात, कोणी अमेरिकेत, कोणी पुण्यात, सह्या जुळत नाहीत. दोन एकरांत एक मजली घर आणि त्याला कर भरणारी एक म्हातारी बाई, असं चित्र मी कितीदा पाहिलं. तिला दोष देऊ नये.

वारसा यादी आहे, श्रेणी १, २, ३ आहेत. पहिल्या श्रेणीत हात जवळजवळ लावायचाच नाही, तिसऱ्या श्रेणीत बरंच काही करता येतं. पण यादीत नाव गेल्यानं गळकं छत थांबत नाही. दुरुस्तीचा पैसा मालकाच्याच खिशातून जातो. यादीत आलो म्हणजे आता घर विकता येणार नाही, या भीतीनं लोक यादीपासून पळतात.

टिकलेल्या घरांकडे नीट बघा. इंग्रज रेसिडेंटचं निवासस्थान, त्याच्यात कॉलेज आलं. १८८५ मध्ये स्थापन झालेलं मॉरिस कॉलेज, आता वसंतराव नाईक यांच्या नावानं चालतं. पोरं रोज जिने चढतात म्हणून छताकडे कोणीतरी बघतं. सर गंगाधरराव चिटणवीस हे मध्य प्रांताच्या विधान परिषदेचे १९२१ मधले पहिले अध्यक्ष. त्यांच्या घराण्याच्या सिव्हिल लाइन्समधल्या जागेवर आज चिटणवीस सेंटर आहे, तिथे गाण्याच्या मैफली होतात, प्रदर्शनं भरतात. सदर भागातल्या टेकडीवरचं राजभवन (आता लोकभवन) १८९१ चं, ते राज्यपालांच्या कामाला येतं. रामगिरी आणि देवगिरी हे सरकारी बंगले दर हिवाळी अधिवेशनाच्या आधी झाडून-पुसून रंगवून तयार होतात, कारण मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यायचे असतात. ज्या घराला काम आहे त्याचा चुना पडत नाही.

तेरावाहिस्सा

हा सगळा धागा वाचून मन भरून आलं आणि थोडा रागही आला, तो मनात ठेवण्यापेक्षा लिहिते. माझ्या नावाप्रमाणे मी एका वाड्याच्या तेराव्या हिस्स्याची मालकीण आहे. आमचाही वाडा महालात होता. आम्ही तो पाडायला सह्या दिल्या.

दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी छपरावरचे कवेलू (कौलं) फेरावे लागतात. फेरणारी माणसं दर वर्षी कमी होत गेली, शेवटचे काका वारल्यावर आम्हाला कोणी मिळालं नाही. माकडं एका उडीत वीस कवेलू फोडतात. तुळयांना उधई लागली होती, बाहेरून खांब धडधाकट दिसायचा आणि बोटानं दाबलं की आत भुसा. खांबावर केळफुलाची नक्षी होती, फार सुंदर, पण त्याखाली माझ्या सासूबाई झोपत होत्या आणि एका श्रावणात रात्री माडीचा कोपरा खाली आला. त्या वाचल्या. त्या रात्रीनंतर वाडा जतन करा असं कोणी म्हणालं की मला त्या पलंगावरची माती दिसते.

तेरा हिस्सेदारांपैकी चौघांना दुरुस्ती हवी होती, आम्ही चौघांनी मिळून जेवढे पैसे उभे केले त्यात अर्धं छतही होत नव्हतं. एका ठेकेदाराकडून जुन्या पद्धतीनं चुन्याचं काम करून घ्यायला गेलो तर त्यानं चुन्यावर सिमेंट थापलं. भिंतीतला ओलावा बाहेर पडेना, वर्षभरात पोपडे आणि मग विटाच निखळल्या. ते पैसेही गेले.

तुम्हा सगळ्यांना वाडा आठवतो तो सुट्टीतला. आम्ही त्यात बारा महिने राहिलो. खांब विकताना मी तिथेच उभी होते, हळद-कुंकू लावलं त्यांना. कवेलू भाऊ, तुम्ही पाहिलेला ट्रक आमचा नव्हता, पण असाच होता.

कवेलू

ताई, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. मी सुट्टीतलाच. ट्रकजवळ उभं राहून मला त्या घरच्यांचा राग आला होता, तो मी परत घेतो. तुम्ही सांगितलेलं चुना आणि सिमेंटचं कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत घेते आणि बाहेर टाकते. सिमेंटनं तिचं तोंड बंद होतं. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी निदान एवढं तरी टाळा.

सासूबाई सुखरूप राहिल्या हे वाचून बरं वाटलं. त्यांना वाड्यातलं काय आठवतं ते विचाराल का?

वैनगंगा

तेरावाहिस्सा ताई, तुम्हाला नमस्कार.

एक सुचवते. घर वाचवणं आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात नाही, नकाशा काढणं आहे. मी आजोळच्या वाड्याचा काढला. मामींना आधी 'किती खोल्या होत्या' असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. मग विचारलं, पहाटे उठल्यावर तुम्ही काय करायच्या? त्या उठल्या, मनातल्या मनात चालायला लागल्या. मधल्या घरातून न्हाणीकडे, तिथून विहिरीवर, रहाटाच्या डाव्या बाजूला धुण्याचा दगड, मग स्वयंपाकघराची मागची पायरी, तिथे डोक्याला चौकट लागते. त्या चालत गेल्या आणि मी रेघा ओढत गेले. धान्याचं बळद कुठे होतं हे मामांना माहीत नव्हतं, मामींना हातभर अंतरासकट माहीत होतं. घरातल्या बायकांना विचारा. पुरुषांना सपरी आणि दिवाणखाना आठवतो, त्याच्या मागे त्यांचा नकाशा संपतो.

दिंडीदरवाजा

एकदम बरोबर ताई. आणि ज्यांना राजवाडा आतून पाहायचा आहे त्यांनी पितृपक्षात या. थोरल्या भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. खंडोजी उर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून जिंकून परत आले तोवर गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, म्हणून १७८७ मध्ये हा दुसरा गणपती बसवला अशी परंपरा सांगतात. सगळा महाराष्ट्र पितृपक्ष पाळतो तेव्हा आपल्याकडे वाड्यात गणपती असतो. त्या दिवसांत दर्शनाला जाता येतं. जोडे काढून जा, फोटो विचारून काढा. मी बडकस चौकात भेटतो ज्यांना यायचं आहे त्यांना, तिथून पायी जाऊ, गांधीगेटावरून.

मुठाकाठ

मी येणार. सासूबाईंना घेऊन. त्यांचं माहेर महालातलं आहे, हे मला हा धागा त्यांना वाचून दाखवताना आज कळलं.

तेरावाहिस्सा

सासूबाईंना विचारलं. आधी नको म्हणाल्या. मग रात्री जेवणानंतर स्वतःच सुरू झाल्या आणि साडेअकरापर्यंत बोलत होत्या. बाळंतिणीची खोली, तिथली शेगडी ठेवायची जागा, तिथे जन्मलेल्या सात मुलांची नावं. त्यातली दोन जगली नाहीत, त्यांचीही नावं सांगितली, माझ्या नवऱ्याला ती माहीत नव्हती. मी सगळं वहीत लिहून घेतलं आहे. नकाशा काढते.

कवेलू

आत्याकडे जाऊन आलो. ८४ वर्षांची आहे, दिसतं कमी, पण वैनगंगाताईंनी सांगितलं तसं विचारलं: आत्या, संध्याकाळी दिवा लावल्यावर तू कुठे जायचीस? म्हणाली, देवघरातून कंदील घेऊन माडीवर. मग हात पुढे करून दाखवलं, देवघराच्या मागच्या भिंतीत कपाटासारखं दार, ते उघडलं की जिना. भिंतीच्या जाडीतच होता तो, म्हणून मला आठवत नव्हता, बाहेरून दिसायचाच नाही. मी म्हटलं, हो हो, सात पायऱ्यांचा. आत्या म्हणाली, नऊ. वरच्या दोन अंधारात होत्या, तिथवर तुम्हा पोरांना आम्ही कधी जाऊच दिलं नाही.

त्या मागच्या बुटक्या खोलीचंही विचारलं. तिथे पाणी भरणाऱ्या गंगूबाई राहायच्या, वीस वर्षं. नकाशात त्यांचं नाव लिहिलं आहे.